खंडोजींचं पद सीडीवर चढवण्याबाबत

शनिवार, १६ जानेवारी १९९९. सकाळी ९.४०

ही वही सुरू करावी लागली, कारण यंत्र चालत नाही आणि ह्यांचं म्हणणं असं की काही बिघडलं की मी नंतर हकिगत माझ्या सोयीने सांगते. ठीक आहे. यापुढे जे घडेल ते त्याच दिवशी, वेळेसकट लिहीन. चूक कोणाची हे कागदावर राहील.

प्रकरण असं. परवा इथल्या, बंगलोरच्या, मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात सकवारबाई भेटल्या. वय ऐंशी. नवरा खंडोजी जाऊन चार वर्षं झाली. के. आर. पुरमचं घर आता सोडणार, मुलगी आसावरी त्यांना कायमची नागपूरला नेते आहे. गाडी रविवारी, ३१ तारखेला. पिशवीतून एक कॅसेट काढली. १९७८ च्या गणेशोत्सवात खंडोजींनी स्वतः रचलेलं पद म्हटलं होतं, ते त्यात आहे. दुसरी प्रत नाही. म्हणाल्या, कल्पना, माझा टेप बंद पडलाय गं दोन वर्षं. जायच्या आधी एकदा ऐकव.

मी म्हटलं, एकदा कशाला, कायमचं देते. आणि तिथल्या तिथे माइक घेऊन जाहीर केलं की ३० तारखेच्या आत हे पद सीडीवर उतरवून सकवारबाईंना देण्यात येईल. टाळ्या झाल्या. आता माघार नाही.

साधनं: आमचा मुलगा निहार कॉम्प्युटर इथेच ठेवून अमेरिकेला गेला, तो. त्यानेच मित्राबरोबर पाठवलेला सीडी रायटर, बाहेरून वायरीने जोडायचा. वरचं झाकण डब्यासारखं उघडतं. कोऱ्या सीडी दहा.

जोडणी काल चौथ्या ब्लॉकमधल्या दुकानातल्या हयवदनने केली. चांगला माणूस, पण घाईत. भावाचं लग्न आहे देवनहळ्ळीला, एकोणतीसपर्यंत मी नाही अक्का, असं म्हणून गेला. मी म्हटलं, तुझी गरज लागणार नाही.

सुरुवात कालच रीतसर केली. मी अंधश्रद्ध नाही. पुण्याची बी.एस्सी. आहे, फिजिक्स, १९६०. सत्तावीस वर्षं शाळेत प्रकाशाचं प्रकरण शिकवलंय. पण नवं यंत्र म्हटलं की हळदकुंकू हवं. या गावात लोक नव्या लॉरीच्या चाकाखाली लिंबं चिरडतात, मी करंगळीवर भागवते. झाकण उघडलं. आत एक बारीक निळसर डोळा आहे. त्यावर ओलं कुंकू, टिकलीएवढं. हे म्हणाले, आत कशाला, बाहेर झाकणावर लाव. मी म्हटलं, कुंकू कपाळाला लावतात, पदराला नाही.

त्यानंतर तीन कोऱ्या सीडी घातल्या. तिन्ही परत. पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं. सीडी दिसायला तशाच कोऱ्या, पण आता कशालाच उपयोगी नाहीत.

विकतची गाण्यांची सीडी घातली. वाजते. थोडी अडखळते, पण वाजते. म्हणजे यंत्राला वाचता येतं, लिहिता येत नाही. माझ्या आठवी ब सारखं. त्यांना मी सरळ केलं होतं, याला करीन.

सोमवार, १८ जानेवारी. दुपारी १२

पडद्यावरचे शब्द नीट लिहून घेतले. पॉवर कॅलिब्रेशन एरर. पॉवर. म्हणजे वीज. ज्याला इंग्रजी येतं त्याला निदान करायला डॉक्टर लागत नाही.

वीज कचेरीला फोन. व्होल्टेज कमी येतं म्हणून तक्रार. त्यांनी विचारलं, दिवे मंद होतात का. म्हटलं, नाही. फ्रिज? चालतो. मग काय चालत नाही मॅडम? म्हटलं, सीडी रायटर. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मग कन्नडमध्ये सरी, कळिस्तीनि, म्हणजे बरं, पाठवतो.

संध्याकाळी ५

लाइनमन आला. मोजलं. दोनशे तीस. पुन्हा मोजायला लावलं. दोनशे तीस. तो माणूस सज्जन, पण त्याचं मीटर जुनं दिसलं.

फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून यंत्राला लावला. चौथी सीडी गेली. दूधही गेलं.

मंगळवार, १९ जानेवारी. सकाळी

सीडी होत नाही तोवर पुढचं काम उरकलं. पद कॉम्प्युटरमध्ये शुक्रवारीच उतरवून घेतलं आहे. आज ते स्वच्छ केलं. हयवदनने आवाज कापायचा प्रोग्राम घालून दिला आहे, वहीतली ओळ खोडावी इतकं सोपं.

पद बरं आहे. खंडोजी नोकरीसाठी या गावात आले तेव्हाचं.

आलो बंगलोर नगरी
ताटी रागीची भाकरी
घरची म्हणे, वर्षं दोन
मग जाऊ परतोन

पुढे सात-आठ कडवी. पण रेकॉर्डिंग म्हणजे बेशिस्तीचा नमुना. सुरुवातीला खोकला. मग खुर्ची सरकते. आणि कहर म्हणजे, घरची म्हणे, इथवर येऊन खंडोजी ओळच विसरतात! स्टेजवर! शुकशुकाट. मग श्रोत्यांतून एक बाई ओरडून ओळ सांगते, सगळा हॉल हसतो, खंडोजीही हसतात आणि मग पुढे म्हणतात. मी त्या दिवशी हजर होते. ती बाई कोण, आठवत नाही. माझ्या शाळेत असती तर बाहेर उभी केली असती.

खोकला, खुर्ची, विसरणं, बाई, हशा, सगळं काढून टाकलं. आता खंडोजी एकही चूक न करता सलग म्हणतात. कान देऊन ऐकलं तरी सांधा कळत नाही. जुनं पुसून त्यावरच हे सेव्ह केलं. दोन-दोन प्रती ठेवून गोंधळ नको.

हे म्हणाले, तेवढं राहू द्यायला हवं होतं. म्हटलं, माणूस गेल्यावर त्याच्या चुका घरोघरी वाजवायच्या का?

बुधवार, २० जानेवारी. सकाळी ७

काल निहारचा फोन. म्हणाला, आई, स्पीड कमी कर, सगळ्यात हळू ठेव. चांगली सूचना, मी करणारच होते. मग म्हणाला, लेन्स साफ आहे ना? माझ्या घरात धूळ आहे का असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. पोटचा असला तरी.

दुपारी १

हळू स्पीडवर प्रयत्न. हादरा बसू नये म्हणून नियम: यंत्र चालू असताना घरात कोणी चालायचं नाही. हे स्वयंपाकघरात होते, तिथेच थांबवलं. कुकरची शिटी व्हायला आली होती. त्यांनी विचारलं, गॅस बंद करायला दोन पावलं टाकू का. म्हटलं, हात लांब करा.

शिटी झाली. पाचवी गेली.

कुकर उतरवून पुन्हा. खाली मंजुळाक्कांचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर सुरू. सहावी गेली. खाली जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, स्वल्पच राहिलंय, आणि येताना वाटीभर पीठ दिलं. घेतलं. तत्त्वाचा प्रश्न वेगळा.

वाया गेलेल्या सहापैकी दोन हे चहाच्या पेल्याखाली ठेवतात. दोन त्यांनी पेरूच्या झाडाला टांगल्या, बुलबुल पळावेत म्हणून. बुलबुल येऊन त्यात तोंड बघतात.

गुरुवार, २१ जानेवारी

सकवारबाईंचा फोन. झालं का गं? म्हटलं, होत आलंय. मग म्हणाल्या, ते विसरतात ना मध्येच, ते नीट आलंय ना? मी म्हटलं, काळजीच करू नका, ते मी जातीने नीट केलंय. म्हणाल्या, बरं वाटलं बाई, मला तीच भीती होती, कॅसेट जुनी, तेवढंच पुसलं गेलं असलं तर.

बिचारी. चार वर्षं नवऱ्याच्या फजितीचं ओझं मनावर घेऊन बसलेली. मी उतरवलं.

शुक्रवार, २२ जानेवारी. संध्याकाळी

आज शुक्रवार. यंत्राला पुन्हा कुंकू. पहिलं वाळून फिकट झालं होतं, या वेळी जरा सढळ हाताने, वर हळद. सातवी सीडी घातली.

पूर्वी निदान दीड मिनिट चालायचं. आज दहा सेकंदांत थांबलं. म्हणजे यंत्राची प्रकृती ढासळते आहे. अमेरिकेतला माल.

हे म्हणाले, अगं, सकवारबाई नुसतं ऐकव म्हणाल्या होत्या ना? टेपरेकॉर्डर आहे, कॅसेट आहे. त्यांना जेवायलाच बोलाव. म्हटलं, दीडशे माणसांसमोर शब्द दिलाय सीडीचा. वरणभाताचा नाही.

शनिवार, २३ जानेवारी

माहितीपुस्तिका लाल पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. व्याकरणाच्या एकोणीस चुका. ज्यांना वाक्य सरळ लिहिता येत नाही त्यांच्या यंत्राने सरळ लिहावं ही अपेक्षाच चूक. पान चौदावर झाकण उघडल्यावर काय करू नये त्याची यादी आहे. ती माझ्यासारख्यांसाठी नसते.

रविवार, २४ जानेवारी

प्रजासत्ताकदिनी मंडळात माझं भाषण आहे. विषय: नागरिक आणि शिस्त. वीस मिनिटं. रेकॉर्ड व्हायला हवं. घरात कोरी कॅसेट नाही. दुकानात जायचं कारण काय, खंडोजींची कॅसेट आहेच. पद कॉम्प्युटरमध्ये आलंय, तेही सुधारून. उद्या सीडी झाली की कॅसेटला काही काम उरत नाही. त्यावर भाषण घेईन.

ह्यांना सांगितलं. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आधी सीडी होऊ दे. म्हटलं, मीही तेच म्हणते. नियम केला: सीडी हातात आल्याशिवाय कॅसेट पुसायची नाही.

सोमवार, २५ जानेवारी. रात्री ८

आजच व्हायला हवं होतं. पूर्ण तयारी. घरात शांतता, कुकर नाही, मंजुळाक्का माहेरी. कुंकू ताजं. आठवी. नाही. यंत्र दुसऱ्या टेबलावर, तोंड पूर्वेला. नववी. नाही.

उरली एक. ती कपाटात बंद केली. किल्ली माझ्याकडे.

मंगळवार, २६ जानेवारी

भाषण उत्तम झालं. रेकॉर्ड झालं नाही. नियम म्हणजे नियम, कॅसेट पुसली नाही. पण एका नादुरुस्त यंत्रापायी वीस मिनिटांचे विचार हवेत गेले, याची नोंद असावी.

सभेत सकवारबाई पहिल्या रांगेत. सगळ्यांना सांगत होत्या, कल्पना माझं शनिवारी देणार आहे. माझं? खंडोजींचं म्हणायचं असेल. वयोमान.

गुरुवार, २८ जानेवारी

दोन दिवस यंत्राशी बोलणं बंद. नादाला न लागता सोडून दिलं की पोरं आपोआप सुधारतात, असा अनुभव. यंत्र सुधारलं नाही.

देवनहळ्ळीला फोन लावला, हयवदनच्या मामांकडे. मागे सनई. म्हणाला, अक्का, आत काही गेलंय का? म्हटलं, आत मी काहीही जाऊ देत नाही. म्हणाला, शनिवारी सकाळी येतो.

शनिवार, ३० जानेवारी. सकाळी ११.२०

हयवदन आला. लग्नातले लाडू घेऊन. मी त्याला घटनाक्रम वाचून दाखवला, वीज, कुकर, ग्राइंडर, व्याकरण. त्याने मान डोलावत झाकण उघडलं आणि मान डोलावणं थांबलं.

अक्का, हे काय?

कुंकू.

कुणी लावलं?

मी.

कधी?

पंधराला. मग बावीसला. मग पंचवीसला.

त्याने काडीला कापूस गुंडाळला, बाटलीतलं काहीतरी लावलं, आणि पुसलं. कापूस लाल. दुसरा लाल. तिसरा पिवळा. चौथा गुलाबी. हे खुर्ची ओढून बघायला बसले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

मग हयवदन मला समजावू लागला. अक्का, हे लेन्स आहे. यातून उजेड जातो. डाग असला की उजेड नीट जात नाही. वाचायला कमी उजेड पुरतो, लिहायला जास्त लागतो.

मला. उजेड. सत्तावीस वर्षं.

ते भिंग आहे हे मला ठाऊक होतं, हे इथे स्पष्ट नमूद करते. पुस्तिका पुन्हा काढून पान चौदा पाहिलं. हात लावू नये, पाणी लावू नये, तेल लावू नये, असं आहे. कुंकवाचा उल्लेख नाही.

११.५०

दहावी सीडी. झाली. पहिल्या फटक्यात. शब्द दिला होता तो पाळला. संध्याकाळी सकवारबाई आणि आसावरी येणार. कॅसेट आता मोकळी झाली. रविवारच्या बैठकीत भाषण पुन्हा करण्याचा प्रस्ताव मांडावा काय?

रात्री ९.१५

झालं ते झालं तसं लिहिते.

सकवारबाई सहाला आल्या. नवं लुगडं. कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली. सीडी लावली. खंडोजी म्हणू लागले, खोकला नाही, खुर्ची नाही. सकवारबाई डोळे मिटून. आलो बंगलोर नगरी. मान हलते आहे. ताटी रागीची भाकरी. घरची म्हणे, हे आलं आणि त्या एकदम पुढे वाकल्या, आणि माझ्या खोलीत मोठ्यांदा म्हणाल्या, वर्षं दोन, मग जाऊ परतोन!

पण सीडीतले खंडोजी थांबलेच नाहीत. दोघांची ओळ एकमेकांवर पडली आणि ते पुढच्या कडव्यावर निघूनही गेले.

सकवारबाईंनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, हे थांबायचे गं इथे. मी सांगितल्याशिवाय त्यांना ही ओळ यायचीच नाही. घरी म्हणतानाही नाही. मी काय म्हणते तेच विसरायचे, मेले.

आसावरी हळूच म्हणाली, मावशी, त्यात आईचा आवाज होता. दोघांचा एकत्र तेवढाच आहे.

 

टेपरेकॉर्डर टेबलावरच होता. पंधरा दिवस तिथेच होता. कॅसेट घातली. बटण दाबलं. एक बटण.

खोकला. खुर्ची. घरची म्हणे. शुकशुकाट. आणि मग ती बाई, खणखणीत, साठीला टेकलेली: अहो, वर्षं दोन! मग जाऊ परतोन! हॉल हसला. खंडोजी हसले. सकवारबाई हसल्या आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, दोन वर्षं म्हणून आलो गं, अडतीस झाली. आता जातेय तर एकटी.

आसावरीने विचारलं, आई, अजून एकदा? त्या म्हणाल्या, एकदाच म्हटलं होतं मी कल्पनाला. मग तीनदा ऐकलं.

जाताना सीडी हातात घेऊन उलटीपालटी केली. म्हणाल्या, चकचकीत आहे. हे कशावर वाजतं? त्यांच्याकडे नाही, आसावरीकडे नाही. मी हे पंधरा दिवसांत विचारलं नव्हतं.

रविवार, ३१ जानेवारी. दुपारी ३, सिटी स्टेशनहून परत

सकाळी स्टेशनला निघण्यापूर्वी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही खिट्या स्क्रूड्रायव्हरने मोडल्या. आता तिच्यावर कोणालाही काहीही रेकॉर्ड करता येणार नाही. भाषणसुद्धा.

ह्यांनी विचारलं, वहीत मग चूक कोणाची लिहिलीस? पान संपलं होतं. नव्या पानावर फक्त व्यवहार लिहिला आहे.

सकवारबाईंना गाडीत, खिडकीपाशी सुपूर्द केलं ते असं:

कॅसेट एक. जशी आली तशी.

टेपरेकॉर्डर एक. आमचा. चालू.

सीडी दिली नाही. ह्यांच्या पेल्याखाली आहे.

सेल सहा, नवे. नागपूरपर्यंत पुरतील.